आखूड केसांचा गुन्हा

दक्षिण कोरियातल्या जिन्जू शहरातल्या खटल्याची बातमी अनेकांच्या वाचनात आली असेल. नोव्हेंबर २०२३ मध्ये रात्रपाळीला दुकान सांभाळणाऱ्या तरुणीला एका माणसाने मारहाण केली. केस आखूड आहेत म्हणजे तू स्त्रीवादीच असणार, एवढंच त्याचं कारण. तिच्या एका कानाची श्रवणशक्ती गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा कायम करताना, हल्ल्यामागे स्त्रीद्वेष होता असं निकालातच म्हटलं. तिथे हे पहिल्यांदाच घडलं.

पण केसांवर इतका राग का? खरं तर तो केसांपुरता नाही, बाईच्या दिसण्यावरचा आहे. मला यात सगळ्यात बोलकी वाटते ती इम ह्यॉन-जू. एमबीसी वाहिनीची ही वृत्तनिवेदिका एप्रिल २०१८ मध्ये चष्मा लावून सकाळच्या बातम्या द्यायला बसली आणि देशभर चर्चा झाली. शेजारचे पुरुष निवेदक वर्षानुवर्षं चष्म्यातच बातम्या वाचत होते, तेव्हा कुणाला काही वाटलं नव्हतं. पहाटे उठून खोट्या पापण्या चिकटवायच्या, मग कोरड्या पडलेल्या डोळ्यांत थेंब घालायचे, हा तिचा रोजचा उपद्व्याप चष्म्याने संपला. तिने ना घोषणा दिली, ना मोर्चा काढला. तिला फक्त डोळ्यांचा त्रास नको होता.

त्याच वर्षी सौंदर्याच्या जाचक अपेक्षांविरुद्ध ‘कॉर्सेटमधून सुटका’ ही मोहीम पेटली. मुलींनी केस कापले, लिपस्टिकी मोडून, पावडरी फोडून त्यांचे फोटो टाकले. मोहिमेचं मला कौतुक आहे, पण सगळंच नाही. लांब केस ठेवणाऱ्या, मेकअप करणाऱ्या बायकांनाच काहीजणी जाब विचारू लागल्या. म्हणजे सासू बदलली, सासुरवास तोच!

पुढे २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये तिरंदाज आन सानने एकाच स्पर्धेत तीन सुवर्णपदकं जिंकली. १९७२ पासूनच्या ऑलिंपिक तिरंदाजीत हे आधी कुणालाच जमलं नव्हतं. तरी मायदेशातल्या टोळभैरवांनी तिच्या केसांवरून गदारोळ केला, पदकं काढून घ्या म्हणाले. केस का कापले, याचं तिचं उत्तर साधं होतं : सोयीचं पडतं म्हणून.

कोरियन सीरम आपल्याकडे ज्या हौसेने विकत घेतली जातात, त्या हौसेने तिथल्या या बातम्याही वाचल्या जाव्यात. जिन्जूच्या खटल्यात न्यायालयाने द्वेषाला द्वेष म्हटलं, हे उत्तम. तीन वर्षांची शिक्षा मात्र मला अपुरी वाटते. त्या मुलीचं ऐकू येणं काही परत येणार नाही.