फुटका माठ आणि मातीचा फ्रिज

मे महिन्यातली दुपार आहे. तुम्ही उन्हातून घरी आला आहात. घशाला कोरड पडली आहे. तुम्ही दप्तर खाली ठेवता, कोपऱ्यातल्या माठात ओगराळे बुडवता आणि घटाघटा पाणी पिता. किती बरे वाटते!

मुलांनो, माठातले पाणी गार कसे होते, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का? माठाला वीज लागत नाही. त्याला यंत्र नाही, बटण नाही. तरी तो आपले काम मुकाट्याने करत असतो. उर्दूत जिला सुराही म्हणतात, तिला मराठीत सुरई म्हणतात. सुरई असो, माठ असो की मोठा रांजण असो, सर्वांची युक्ती एकच आहे.

भाजलेल्या मातीला अतिशय बारीक छिद्रे असतात. त्या छिद्रांतून पाणी हळूहळू बाहेर पाझरते. म्हणून माठाला हात लावला, की तो ओलसर लागतो. बाहेर आलेल्या या पाण्याची हवेत वाफ होते. वाफ होण्यासाठी उष्णता लागते. ही उष्णता माठातून आणि आतल्या पाण्यातून घेतली जाते. उष्णता गेली, की पाणी गार होते. माठाला बाहेरून तेलाचा रंग दिला, तर छिद्रे बुजतात. मग माठ सुंदर दिसतो. पण पाणी गार होत नाही!

हे ज्ञान हजारो वर्षांचे आहे. पण अलीकडच्या काळात दोन माणसांनी या जुन्या ज्ञानातून नव्या वस्तू घडवल्या. एक आफ्रिकेतले शिक्षक होते आणि दुसरे गुजरातमधले कुंभार. दोघांच्याही कामात चित्रांचा मोठा वाटा आहे. तो कसा, ते आता पाहू.

आफ्रिका खंडात नायजेरिया नावाचा देश आहे. त्याच्या उत्तर भागात जिगावा हे राज्य आहे. तेथील हवा कोरडी आणि अतिशय उष्ण असते. तेथे मोहम्मद बाह अब्बा नावाचे शिक्षक राहत होते. त्यांच्या घराण्यात मातीची भांडी घडवण्याचा व्यवसाय होता. आजूबाजूच्या खेड्यांत वीज नव्हती. शेतातून आणलेली पालेभाजी दुसऱ्या दिवशी सुकून जाई. टोमॅटो, वांगी दोन-तीन दिवसांत खराब होत. माल नासण्यापूर्वी विकायला हवा, म्हणून घरातल्या लहान मुलींना रोज भाजी घेऊन बाहेर पाठवत. मुली दिवसभर भाजी विकत फिरत आणि त्यांची शाळा राहून जाई.

अब्बा यांनी हे पाहिले. त्यांना वाटले, माठात पाणी गार राहते, तर भाजी का राहू नये? १९९५ साली त्यांनी एक सोपी युक्ती केली. एका मोठ्या मडक्यात त्यांनी दुसरे लहान मडके ठेवले. दोन मडक्यांच्या मधल्या जागेत वाळू भरली आणि त्या वाळूवर पाणी शिंपडले. आतल्या मडक्यात भाजी ठेवून वर ओले फडके झाकले. वाळूतले पाणी बाहेरच्या मडक्यातून पाझरे, त्याची वाफ होई आणि आतली भाजी गार राही. या भांड्यात तीन दिवसांत नासणारी वांगी सत्तावीस दिवस टिकली! टोमॅटो तर तीन आठवडे चांगले राहिले.

अब्बा यांनी गावातल्या बेकार कुंभारांना काम दिले. सुरुवातीला अशी पाच हजार मडकी तयार करून त्यांनी ती खेड्यांत मोफत वाटली. पण लोकांना या भांड्याचा उपयोग समजावायचा कसा? पुष्कळांना लिहिता-वाचता येत नव्हते. पत्रके छापून काय उपयोग? म्हणून अब्बा यांनी गावातल्या नटांना घेऊन एक नाटुकले बसवले, त्याचे चित्रीकरण केले आणि तो चित्रपट खेड्यांतल्या लोकांना दाखवला. जे अक्षरांना जमले नसते, ते चित्रांनी केले. भाजी टिकू लागली, तशी रोज बाजारात जाण्याची घाई उरली नाही. मुलींना शाळेत जायला वेळ मिळू लागला. या कामाबद्दल अब्बा यांना जगातला एक मानाचा पुरस्कार मिळाला. २०१० साली त्यांचे निधन झाले.

आता आपल्या शेजारच्या गुजरात राज्यात येऊ. आजच्या मोरबी जिल्ह्यात वांकानेर नावाचे गाव आहे. तेथे मनसुखभाई प्रजापती हे कुंभार राहतात. लहानपणी त्यांची परिस्थिती बेताची होती. दहावीत नापास झाल्यावर त्यांची शाळा सुटली. त्यांनी चहा विकला, मग कौलांच्या कारखान्यात नोकरी केली. तेथे यंत्रावर झटपट कौले तयार होत. ते पाहून त्यांच्या मनात आले, अशाच यंत्रावर मातीचे तवे का करू नयेत? १९८८ साली त्यांनी कर्ज काढले आणि स्वतःचा धंदा सुरू केला. पुढे त्यांनी पाणी गाळण्याचे मातीचे फिल्टरही बनवले.

२६ जानेवारी २००१ चा दिवस उजाडला. सगळीकडे प्रजासत्ताक दिनाची गडबड चालली होती. सकाळी पावणेनऊच्या सुमारास गुजरातमध्ये मोठा भूकंप झाला. कच्छ भागात तर हाहाकार उडाला. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. असंख्य घरे जमीनदोस्त झाली. मनसुखभाईंच्या मालाचेही नुकसान झाले.

त्या दिवसांत एका गुजराती वृत्तपत्रात एक छायाचित्र छापून आले. त्यात मातीची फुटलेली भांडी दिसत होती. गरिबाचा फ्रिज फुटला, अशा अर्थाची ओळ चित्राखाली होती. हजारो लोकांनी ते छायाचित्र पाहिले असेल, हळहळ व्यक्त केली असेल आणि पान उलटले असेल. मनसुखभाईंची नजर मात्र त्या ओळीवर खिळून राहिली. माठाला गरिबाचा फ्रिज म्हणतात, तर मातीचा खराखुरा फ्रिजच का करू नये?

विचार सुचला, पण काम सोपे नव्हते. माती फार घट्ट असली, तर पाणी पाझरत नाही. ती फार सच्छिद्र असली, तर पाणी गळून जाते. म्हणून वेगवेगळ्या ठिकाणची माती आणून, मिसळून, भाजून पाहावी लागते. मनसुखभाईंनी असे प्रयोग काही वर्षे चालू ठेवले. अखेर २००५ साली त्यांचा फ्रिज तयार झाला. त्याचे नाव मिट्टीकूल.

हा फ्रिज एखाद्या लहान कपाटासारखा दिसतो. वरच्या भागात पाणी भरतात. ते पाणी बाजूच्या भिंतींतून झिरपते आणि त्याची वाफ होते. त्यामुळे खालचा भाग गार राहतो. तेथे भाजी, फळे व दूध ठेवण्यासाठी कप्पे आहेत. समोर पारदर्शक दार आहे. वरच्या भागातले गार पाणी प्यायलाही मिळते. त्यासाठी नळ बसवला आहे. भाजी अनेक दिवस ताजी राहते आणि विजेचे बिल येत नाही! सामान्य माणसांच्या शोधांना मदत करणारे राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान ही संस्था २००० साली स्थापन झाली. तिनेही मनसुखभाईंच्या कामाची दखल घेतली.

अर्थात, या वस्तूंनाही मर्यादा आहेत. त्यांत बर्फ होत नाही. त्यांना वेळोवेळी पाणी द्यावे लागते. हवा दमट असली, तर पाण्याची वाफ लवकर होत नाही. म्हणून नागपूर किंवा अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात मातीचे भांडे जेवढे गार होते, तेवढे ते मुंबईत किंवा रत्नागिरीत होत नाही. पण कोरड्या हवेच्या प्रदेशात, जेथे वीज नाही किंवा फ्रिज घेण्याची ऐपत नाही, तेथे या वस्तू मोठा आधार देतात.

वस्तूच्या अशा विचारपूर्वक रचनेला डिझाइन म्हणतात. डिझाइन म्हटले, की आपल्याला कापडावरची नक्षी आठवते. पण वस्तू कोण वापरणार, ती कशाची करावी, ती धुता येईल का, परवडेल का, या साऱ्या प्रश्नांची उत्तरे शोधणे म्हणजेही डिझाइन होय. अब्बा यांनी हे प्रश्न स्वतःला विचारले आणि मनसुखभाईंनीही विचारले. दोघांकडे महागडी साधने नव्हती. त्यांच्याकडे माती होती, पिढीजात कसब होते आणि दुसऱ्याची अडचण पाहणारी नजर होती.

छायाचित्राचे कामही असेच आहे. उर्दूतला तस्वीर हा शब्द मराठीत तसबीर होऊन आला. तसबीर आपण भिंतीवर टांगतो आणि तिच्याकडे कौतुकाने पाहतो. पण काही छायाचित्रे भिंतीवर टांगण्यासाठी नसतात. ती आपल्याला थांबवतात आणि विचारतात, 'हे पाहिलेस ना? मग आता तू काय करशील?' फुटक्या भांड्यांच्या छायाचित्राने मनसुखभाईंना हाच प्रश्न विचारला होता.

आज पुष्कळ घरांत कॅमेरा असलेला मोबाइल असतो. सणासुदीला आपण त्यावर आपलेच फोटो काढतो. ते जरूर काढावेत. पण एखाद्या दिवशी घरातल्या मोठ्यांची परवानगी घेऊन तो जरा वेगळ्या कामासाठी वापरा. दादीजानला उचलायला जड जाणारी बादली, अम्मीच्या हाताला चटका देणारे झाकण, शाळेच्या नळाखाली वाया जाणारे पाणी अशी छायाचित्रे काढा. मोबाइल नसेल, तर वहीत चित्र काढा. मग ते चित्र वर्गातल्या मित्रमैत्रिणींना दाखवा आणि सर्वांनी मिळून विचार करा: ही अडचण कशी दूर करता येईल?

कोणी सांगावे, उद्याची एखादी उपयोगी वस्तू तुमच्या त्या चित्रातूनच जन्माला येईल!