किनाऱ्यावरील विहिरींचे दुष्फेन पाणी : राजोडीच्या निमित्ताने

वसई तालुक्यातील राजोडी हे अरबी समुद्रालगतचे गाव होय. अशा ठिकाणी घरगुती पाण्याच्या दुष्फेनतेचा विचार समुद्राचे सान्निध्य वगळून करता येत नाही.

पाण्यात विरघळलेले कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार साबणाशी संयोग पावून अविद्राव्य साका बनवितात. ही क्रिया पुरी होईपर्यंत फेस येत नाही. कॅल्शियम कार्बोनेटच्या परिमाणात १ ग्रॅम दुष्फेनता सुमारे ६ ग्रॅम सोडियम स्टिअरेट व्यर्थ घालविते. म्हणजे लिटरमागे ३०० मिलिग्रॅम दुष्फेनता असल्यास २० लिटरच्या बादलीत सुमारे ३६ ग्रॅम साबण फुकट जातो. भारतीय मानक १०५०० (२०१२) प्रमाणे पेयजलासाठी स्वीकारार्ह मर्यादा २०० मिलिग्रॅम असून, अन्य स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे.

बायकार्बोनेटांमुळे आलेली दुष्फेनता अस्थायी असते. पाणी उकळले असता ती साक्याच्या रूपाने भांड्याच्या तळाशी बसते. क्लोराइडे व सल्फेटे यांची दुष्फेनता मात्र स्थायी होय. समुद्राच्या पाण्याची दुष्फेनता लिटरमागे सुमारे ६,३०० मिलिग्रॅम असते. विहिरीत ते शेकडा एक जरी मिसळले तरी दुष्फेनता सुमारे ६३ व क्लोराइड सुमारे १९० मिलिग्रॅमने वाढते.

तुरटीने गढूळपणा जातो, दुष्फेनता नव्हे. धुण्याचा सोडा कपड्यांच्या पाण्यापुरता उपयोगी आहे. आयनविनिमय पद्धतीने पाणी सुफेन होते, परंतु दर १०० मिलिग्रॅम दुष्फेनतेच्या बदल्यात ४६ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात उतरते. आधीच खाऱ्या असलेल्या पाण्याला हा उपाय मानवत नाही. व्यस्त परासरणाने दोन्ही दोष जातात, पण पाण्याचा बराच भाग वाया जातो आणि त्यासाठी विहिरीतून अधिक उपसा करावा लागतो.

येथेच खरा धोका आहे. गायबेन व हर्झबर्ग यांच्या नियमानुसार, समतोल अवस्थेत गोड्या पाण्याची पातळी १ मीटर खालावली की खाऱ्या पाण्याची सीमा सुमारे ४० मीटर वर सरकते. म्हणून उपाय योजण्यापूर्वी दुष्फेनता व क्लोराइड दोन्ही मोजावीत, आणि तीही पावसाळ्यानंतर व उन्हाळ्याअखेर अशी दोनदा. उकळून दुष्फेनता बहुतांशी उतरली तर दोष मुख्यतः चुन्याचा समजावा. ती टिकून राहिली व उन्हाळ्यात क्लोराइडही वाढले, तर समुद्राच्या शिरकावाची दाट शंका घ्यावी. अशा वेळी बादलीतील पाण्यावर संस्कार करून भागणार नाही. उपसा आवरणे आणि छपरावरील पावसाचे सुफेन पाणी साठविणे व जमिनीत मुरविणे, हाच टिकाऊ उपाय होय.