जुन्या येझदीचं एअर फिल्टरचं रबर फाटलं, तर जुगाड कुठपर्यंत चालतो?

पाषाणहून सूसकडे येताना खिंडीचा चढ लागतो. रविवारी सकाळी तिथं एखादी जुनी येझदी 'डग डग डग' करत चढताना दिसली की आजूबाजूचे स्कूटरवाले वळून बघतात. फोटो निघतो, रील होतं. पण गाडीच्या मालकाचं लक्ष कॅमेऱ्याकडं नसतं, त्याचे कान इंजिनकडं असतात. कारण आवाज जरा जरी 'कोरडा' झाला, तर पुढच्या दोन मिनिटांत पिस्टन जाम होऊ शकतो. आणि तो जाम व्हायला अनेकदा कारण असतं एक फाटलेलं रबर.

म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीनं १९६० च्या दशकात जावा आणि १९७३ पासून येझदी नावानं गाड्या बनवल्या. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. २०१८ मध्ये जावा आणि त्यानंतर येझदी हे नाव परत आलं खरं, पण नवी गाडी पूर्ण वेगळी आहे, तिचे पार्ट जुनीला बसत नाहीत. (सरकारी नियमानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या गाडीलाच 'व्हिंटेज' म्हणतात, त्यामुळे १९७८ मध्ये आलेली रोडकिंग अजून त्यात बसत नाही. चाहत्यांना याचा काही फरक पडत नाही.)

मग पार्ट शोधायचा कुठं? आधी नाना पेठ, तिथं नाही मिळालं तर बुधवार-रविवारचा जुना बाजार. पत्रा, आरसा, दिवा असं बरंच काही मिळतं. रबर मात्र अवघड. लोखंड ३० वर्षं पडून राहिलं तर गंजतं आणि घासून निघतं, रबर पडून राहिलं तर कडक होऊन चिरतं. 'कंपनीचा ओरिजिनल, पॅक पीस' म्हणून घेतलेलं रबरही बसवताना फाटतं ते यामुळेच.

हवा जाते तरी किती?

येझदीचं इंजिन जवळपास २५० सीसीचं, टू-स्ट्रोक. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला एकदा हवा ओढणार. मिनिटाला ५,००० फेरे धरले तर कागदावर हिशेब येतो सुमारे १,२०० लिटर हवा, दर मिनिटाला! ही हवा फिल्टरमधून रबरी नळीत, तिथून कार्बोरेटरमध्ये आणि मग इंजिनात जाते. कार्बोरेटर त्याच्यातून गेलेल्या हवेच्या मापानं पेट्रोल सोडतो.

म्हणून भोक कुठं पडलंय, हे फार महत्त्वाचं.

कार्बोरेटरच्या आधी, म्हणजे फिल्टरच्या बाजूला चीर असेल, तर धूळ आत जाते. सूस जून २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलं, त्याच्या आधीपासून तिथं टॉवर उभे राहतायत. रेती-खडीचे ट्रक आणि उडणारी धूळ रोजचीच. टू-स्ट्रोकमध्ये ही धूळ थेट पिस्टनवर जात नाही, आधी क्रँककेसमध्ये उतरते. तिथं ऑइलमध्ये मिसळली की तिची पॉलिश पेपरसारखी पेस्ट होते आणि क्रँकचे बेअरिंग, मग सिलिंडर, सगळं घासत जाते.

कार्बोरेटरच्या पुढं, इंजिनच्या बाजूला गळती असेल तर प्रकरण जास्त गंभीर. ही हवा कार्बोरेटरच्या हिशेबातच नसते. हवा जास्त, पेट्रोल कमी, याला मेकॅनिक 'लीन' म्हणतात. इंजिन तापतं. त्यात बहुतेक येझदींमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, म्हणजे पेट्रोल कमी झालं की वंगणही कमी झालं. पिस्टन फुगतो, सिलिंडरला चिकटतो, मागचं चाक लॉक होतं. हायवेवर ६० च्या वेगात हे झालं तर क्लच दाबायला क्षणभरच मिळतो.

मग जुगाड कशाचा करायचा?

लोक काय काय लावतात! सायकलची ट्यूब, कारच्या रेडिएटरचा पाइप, भांडी घासायचा स्पंज. हेतू चांगला, माल चुकीचा. रेडिएटरचा पाइप सहसा ईपीडीएम रबराचा असतो. गरम पाणी वर्षानुवर्षं सोसतो, पेट्रोल लागलं की फुगतो. सायकलच्या ट्यूबचं ब्यूटाइल रबरही तसंच. आणि कार्बोरेटर मागं पेट्रोलचे फवारे टाकतोच, त्यामुळे 'तिथं कुठं पेट्रोल लागतंय' हा युक्तिवाद चालत नाही. स्पंजची तर तऱ्हाच निराळी, काही दिवसांत त्याचा चुरा होतो आणि इंजिन तो गिळतं. फिल्टरसाठी मिळणारा फोमच घ्यावा, तोही फिल्टर ऑइलमध्ये भिजवून पिळलेला.

चालतं काय, तर नायट्राइल रबर. भोसरी एमआयडीसीत रबर मोल्डिंगचे लहान कारखाने आहेत, अशा ठिकाणी नमुन्यावरून साचा करून घेता येतो. एका पीससाठी साचा महाग पडतो, म्हणून दहा-बारा मालकांनी मिळून करून घेणं परवडतं. यासाठी सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे ते जुनं, फाटलेलं रबर. बहुतेक जण तेच पहिल्यांदा फेकून देतात! आतला व्यास, लांबी, वळण, सगळं माप त्यातच असतं. व्यास कमी झाला की हवा अडते, भिंत पातळ झाली की इंजिनच्या ओढीनं नळी आत चेपते.

थ्रीडी प्रिंटिंगचा मोह अनेकांना होतो. पण स्वस्तातलं पीएलए प्लास्टिक साधारण ६० अंशांना मऊ पडतं. उन्हात उभी केलेली गाडी आणि वरून इंजिनची धग, एवढं त्याला पुरे. मापाचा नमुना म्हणून ते उत्तम, बसवायला नको.

इंजिनच्या बाजूचा जोड मात्र लेथवाल्याकडेच करावा. उष्णता अडवायला हायलमच्या शीटचा स्पेसर, दोन्हीकडं पेट्रोल सोसणारं पॅकिंग. बोल्ट फार आवळले तर फ्लँज वाकते आणि हवा पुन्हा शिरते. ती सपाट करायची जुनी पद्धत म्हणजे जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून हलक्या हातानं घासणं. एम-सील किंवा सिलिकॉनचा थर वरून थापणं हा उपाय नाही, साधं सिलिकॉन पेट्रोलनं सुटतं आणि त्याचा तुकडा आत जाऊ शकतो.

ई२० नं काय बदललं?

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. एक भाग पेट्रोल जळायला वजनानं सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ च्या आसपास. म्हणजे जुन्या जेटवर गाडी आधीच थोडी लीन चालते. त्यात फिल्टरचा डबा काढून नुसता कोन फिल्टर लावला की हवा आणखी वाढते. आवाज भारी येतो, पण मेन जेट मोठा केल्याशिवाय तो उद्योग इंजिनवरच उलटतो. शिवाय जुन्या पद्धतीची रबरं इथेनॉलनं लवकर खराब होतात, म्हणून पेट्रोलचा पाइप आणि सील यांवरही नजर ठेवावी लागते.

नवा पार्ट बसला, आता खात्री कशी करायची?

गळतीची पहिली खूण कानाला कळते. थ्रॉटल सोडला तरी इंजिनचे फेरे लगेच खाली येत नाहीत, आयडलिंग आपोआप वाढतं. काही मेकॅनिक चालू इंजिनच्या जोडावर कार्ब क्लीनर मारून आवाज बदलतो का बघतात, पण गरम इंजिनवर तो फवारा पेट घेऊ शकतो, त्यामुळे घरच्या पार्किंगमध्ये हा प्रयोग नको.

त्यापेक्षा सूस खिंडीचा चढ बरा. आठ-दहा किलोमीटर चालवून इंजिन तापू द्यायचं, चढाला थ्रॉटल उघडा असतानाच क्लच दाबून इंजिन बंद करायचं, रस्ता सोडून कडेला थांबायचं आणि थंड झाल्यावर प्लग काढून बघायचा. कॉफीसारखा तपकिरी असेल तर ठीक. काळाकुट्ट आणि ओला असेल तर पेट्रोल जास्त आहे, त्यानं मायलेज जातं, इंजिन लगेच जात नाही. पांढराफटक असेल, तर गाडी तिथूनच टेम्पोत घालून परत आणायची.