वेळेचे कप्पे

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातील पहिली प्रवासी गाडी ठाण्यास पोहोचली. पुढील वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत आला. तेव्हापासून या परिसराचा दिनक्रम गाडीच्या वेळेशी बांधला गेला आहे.

ठाणे, डोंबिवली व कल्याण येथून मुंबईस जाणाऱ्या नोकरदारांचे रोजचे दोन-तीन तास प्रवासातच जातात. उरलेल्या वेळेत घरकाम, मुलांचा अभ्यास व विश्रांती बसवावयाची असते. त्यासाठी दिवसाचे कप्पे पाडण्याची पद्धत उपयुक्त ठरते. प्रत्येक कामास आरंभाची तशीच समाप्तीचीही वेळ नेमून द्यावयाची आणि ती होताच पुढील कामाकडे वळावयाचे, हे तिचे सूत्र होय.

उदाहरणार्थ, रात्री भोजनानंतर अर्धा तास मुलांचा अभ्यास, मग वीस मिनिटे उद्याच्या डब्याची व कपड्यांची तयारी असे कप्पे ठरविल्यास सकाळची धांदल टळते. दोन कप्प्यांमध्ये थोडा वेळ मोकळा ठेवावा. म्हणजे एखादे काम लांबले तरी सारा आराखडा कोसळत नाही.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ लोकलच्या दारातून पडून काही प्रवाशांना प्राण गमवावे लागले. गर्दीचा प्रश्न वैयक्तिक नियोजनाने सुटणारा नव्हे. त्यासाठी वाढीव गाड्या व विभागलेल्या कार्यालयीन वेळाच हव्यात. तथापि, पंधरा मिनिटे हाती राखून घराबाहेर पडणाऱ्यास दारापर्यंत भरलेली गाडी सोडून देता येते.