एका बाजूची वीस मिनिटं

पहाटे ४:४५
अंजनगाव सुर्जी. मे महिना. काका अंगणातल्या बाजेवरून उठलेत. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. आत शिरल्यावर ते आधी ओल्या फडक्यानं फरशी पुसून घेतात. झाडू मारत नाहीत. झाडूनं धूळ उडते आणि उडालेली धूळ तव्यावर जाऊन बसते.

तवा म्हणजे रेकॉर्ड. वऱ्हाडात जुनी माणसं अजून तवाच म्हणतात. काका सत्तरीला आलेत. ऐन विशीत लाऊडस्पीकरचा धंदा सुरू केला. लग्नात, जत्रेत, निंबाच्या झाडाला भोंगा बांधायचा, बॅटरी जोडायची आणि तवे लावायचे. पुढे कॅसेट आली, मग डीजे आला. भोंगे गेले. काकांकडे राहिलं ते तव्यांचं ज्ञान. आता ते तवे धुतात, वाकलेले सरळ करतात, त्यांचा आवाज कॉम्प्युटरवर उतरवून देतात, बिघडलेले प्लेअर दुरुस्त करतात.

"माहं नाव लिहू नोका भाऊ," ते म्हणाले. "तव्याचं लिहा."

पहाटे ५:१०
इतक्या लवकर का, ते आता कळतं. दिवसा व्होल्टेज खालीवर होतं. आणि सहानंतर रस्ता जागा होतो. अकोटहून परतवाड्याकडे जाणारा ट्रक समोरून गेला की जमीन हलते. आपल्याला जाणवतही नाही. सुईला जाणवतं. त्या बाजूच्या आवाजात खाली घरघर येते आणि ती मग निघत नाही. म्हणून प्लेअरखाली काकांनी कडाप्पा टाकलाय आणि कडाप्प्याखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे.

प्लेअरजवळ सोनाराकडे असतो तसा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा. सुई त्याच्यावर टेकवून काका वजन बघतात. दीड ग्रॅम. थोडं पुढे सरकवतात. एक पूर्णांक आठ. या सुईला चौदाशे रुपये पडले. पाचेकशे तास चालते, मग टोक झिजतं आणि झिजलेली सुई तवा खाते. म्हणून वहीत तास लिहिलेले आहेत. आजपर्यंत ३१२.

पहाटे ५:२५
तवा काल रात्रीच धुऊन ठेवलाय. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, दाढीचा मऊ ब्रश. घासायचं ते घरांच्या, म्हणजे सुई जिथून फिरते त्या खाचांच्या दिशेनं, गोल. आडवं कधीच नाही. मधलं लेबल भिजू नये म्हणून त्यावर प्लास्टिकचं झाकण दाबून धरायचं. हे झालं एलपीचं. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तव्याची गोष्ट वेगळी. तो लाखेचा. त्याला स्पिरिट लागलं तर लाख विरघळते आणि गाणंच पुसलं जातं. काका सांगतात, त्यांनी पहिल्या वर्षी असे दोन तवे घालवले. ते अजून भिंतीला टांगून ठेवलेत.

सुई खाली येते. काका हात वर करतात. आता वीस मिनिटं बोलायचं नाही.

एलपीची एक बाजू साधारण वीस मिनिटांची, आणि ती उतरवायला वीसच मिनिटं लागतात. घाई करता येत नाही. मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे, तेवढेच. काका हेडफोन लावून बसतात, मांडीवर वही. घड्याळाकडे एक डोळा. आवाजात खोट आली की वेळ लिहितात आणि पुढे एक शब्द. 'टिक'. 'चर'. 'उडी'. टिक म्हणजे धुळीचा कण. चर म्हणजे जुन्या सुईनं खरवडलेलं. उडी म्हणजे सुई घर सोडून पुढच्या घरात गेली.

पहिली बाजू दोनदा वाजते. दुसऱ्या खेपेला सुईचं वजन दोन ग्रॅम. जिथे एक पूर्णांक आठवर चरचर होती तिथे दोनवर कमी ऐकू येते. दोन्ही ठेवायचे, ठरवायचं रात्री.

सकाळी ६:५०
चहा. आता बोलायला मुभा आहे.

तवा हिंदी सिनेमाचा नाही, मराठीही नाही. अर्धं फाटलेलं कव्हर, त्यावर इंग्रजीत 'सिमला बीट'. इम्पीरियल टोबॅको कंपनीची सिमला नावाची सिगारेट होती. तिच्या जाहिरातीसाठी कंपनीनं देशभरातल्या कॉलेजवयीन बँडची स्पर्धा भरवली आणि निवडक बँडची गाणी दोन एलपींवर काढली, एक १९७० ची, एक १९७१ ची. शिलाँगचे फेंटोन्स, मद्रासचे कन्फ्यूजन्स, अशी पोरं. यांतल्या बऱ्याच जणांचं आयुष्यात तेवढंच काय ते तव्यावर आलं. सिनेमाच्या गाण्यांपुढे या आवाजाला दुकानात जागा नव्हती. मग पुढे बऱ्याच वर्षांनी परदेशातल्या लोकांनी हे तवे शोधून काढले आणि पुन्हा छापले.

मुंबईच्या अ‍ॅटॉमिक फॉरेस्टचंही तसंच. त्यांचा 'ऑब्सेशन ७७' इथे विसरला गेला आणि २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या कंपनीनं तो पुन्हा काढला. आपल्या नाटकवेड्या घरांना आत्माराम आणि आशा भेंडे माहीत आहेत. त्यांचा मुलगा नंदू याच मुंबईच्या रॉक बँडमधून गायचा, अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये त्यानं ज्यूडास उभा केला. तो २०१४ मध्ये गेला. मराठी घरातला एवढा मोठा रॉक गायक, आणि आपल्या बहुतेक घरांत त्याचा एकही तवा नाही. मला ही गोष्ट लागते.

हा तवा इथे कसा आला? परतवाड्याचा एक मुलगा सत्तरच्या सुमारास मुंबईला होस्टेलवर शिकायला होता. नोकरी लागल्यावर परतला तेव्हा तव्यांची पेटी घेऊन आला. पेटी माळ्यावर गेली. गेल्या साली वाडा विकला तेव्हा उतरली. एकेचाळीस तवे. घरच्यांनी काकांना बोलावलं, पंधराशे रुपये घेतले आणि पेटीही देऊन टाकली.

मुंबईचा एक संग्राहक अशा गाण्यांवर काम करतो. याच तव्याच्या त्याच्याकडच्या प्रतीची दुसरी बाजू खरचटलेली आहे, म्हणून त्यानं काकांकडून दोन्ही बाजू मागवल्यात. मूळ टेप हाती लागत नाही तेव्हा पुन्हा छापायचं काम असंच होतं. दोन-तीन प्रती गोळा करायच्या, एकीतलं चांगलं घ्यायचं, दुसरीतलं चांगलं घ्यायचं आणि जोड दिसणार नाही असं शिवायचं. हक्क कोणाकडे, परवानगी कोणाची, हे तो बघतोय. काकांना दोन्ही बाजूंचे मिळून बाराशे. फाईल पोचल्यावर.

सकाळी ८:३०
भंगारचं दुकान. काका सायकल हातात धरून चालत जातात. पूर्वी भंगारवाला तवे किलोवर द्यायचा. आता त्यालाही कळलंय. नगाला वीस रुपये, चांगला-वाईट एकच भाव. बावीस तवे आहेत. काका एकेक उन्हाकडे तिरपा धरतात. चमक सरळ गेली तर ठीक. मध्येच मोडली तर चरा. अकरा निवडतात. दोनशे वीस रुपये. उरलेले अकरा भंगारवाला परत पोत्यात टाकतो. काका मागे वळून त्याला म्हणतात, "पोतं उनात ठेवू नोको लेका."

वाटेत पानपिंपरीच्या मळ्याबद्दल बोलणं निघतं. इथल्या बारी लोकांचं ते पीक. ताट्यांनी झाकलेल्या मळ्यात सावली आणि ओल असते. काकांचे थोरले भाऊ मळ्यात होते. काका म्हणतात, तव्याला आणि पिंपरीच्या वेलाला एकच लागते, सावली.

सकाळी ११:२०
गच्चीवर. इथे ऊन शत्रू आहे आणि तेच हत्यारही आहे. भंगारातल्या एका एलपीची कड थाळीसारखी वर आलीय. काका तिला दोन जाड काचांमध्ये ठेवतात. काचा पुसून कोरड्या केलेल्या, एक कणही चालत नाही, नाहीतर तो कण घरांत दाबला जातो. वर काही वजन नाही, फक्त काच. मग उन्हात. घड्याळ लावून दहा मिनिटं. पारा ४४ च्या पुढे आहे. जास्त ठेवलं तर घरं बसतात आणि आवाज जातो.

दहा मिनिटांनी काचा तशाच उचलायच्या, सावलीत आणायच्या आणि वर दोन विटा ठेवायच्या. आता संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही. गरम असताना उघडला तर तवा पुन्हा वळतो.

माझे तळपाय भाजतात. काका चपला न घालता उभे आहेत.

दुपारी १:००
भाकरी, झुणका, कांदा. लाईट गेली. दुकानाचं दार बंद. काका फरशीवर पडतात, डोळे मिटून बोलतात. पूर्वी सुया आणायला मुंबईला जावं लागे. अंजनगावहून शकुंतला नावाच्या छोट्या रेल्वेत बसायचं, मूर्तिजापूरला उतरायचं, तिथून मोठी गाडी. लॅमिंग्टन रोडवर दिवसभर फिरायचं आणि रात्रीच्या गाडीनं परत. शकुंतला आता बंद आहे. सुया कुरिअरनं येतात.

दुपारी ४:१०
लाईट आली. टेबलावर एचएमव्हीचा फिएस्टा, सुटकेससारखा प्लेअर. सुर्जीतल्या एका शेतकऱ्याचा. वडिलांची आठवण म्हणून चालू करून हवाय. काका झाकण उघडतात. रबराचं चाक वाळून टणक झालंय, त्यामुळे ताटली अडखळत फिरते. चाक काढून पॉलिश पेपरवर हलकं फिरवतात. वरचा टणक थर निघतो, खालचं काळं मऊ रबर दिसतं. स्पिंडलमध्ये शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. एकच. दुसरा थेंब ओघळून रबरावर गेला तर सगळी मेहनत फुकट.

शेतकरी येतो. काका भंगारातला एक भजनाचा तवा लावून दाखवतात. तो उभ्यानंच पूर्ण बाजू ऐकतो. मग विचारतो, किती?

"साडेतीनशे. चाक, साफसफाई, तेल, समदं धरून."

तो पैसे देतो. काका बजावतात, या प्लेअरवर नवा महागाचा तवा लावू नोका, याची सुई जड हाय. जुनेच वाजवा.

संध्याकाळी ५:३०
कुरिअर. पुण्याला एक तवा जायचाय, मागेच विकलेला. दोन पुठ्ठे, एकाच्या रेषा उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे वाकत नाही. तवा कव्हरच्या बाहेर काढून कव्हरच्या मागे ठेवायचा. आत ठेवला तर आदळून कव्हरची शिवण फाटते. पुठ्ठा आणि बबलचे पंचेचाळीस, कुरिअरचे एकशे ऐंशी.

कुरिअरवाल्या पोरानं विचारलं, यात काय आहे? काका म्हणाले, काच समज.

संध्याकाळी ७:४५
भाचा आला. दिवसा मोबाईलच्या दुकानात असतो. कॉम्प्युटर त्याच्या हातात. एका बाजूचे दीडशे, मामा बाराशेतून देतात. पहाटेची फाईल पडद्यावर उघडते, निळी, काट्यांनी भरलेली. भाचा एक बटन दाबतो. टिकटिक गायब. आवाज स्वच्छ.

काका हेडफोन काढतात. "परत लाव. पहिलं."

मग दुसरं. मग पुन्हा पहिलं.

"ढोलवाला कुठं गेला?"

मलाही आता ऐकू येतं. ड्रमवर काडी पडते तो आवाजही असाच अणकुचीदार असतो. कॉम्प्युटरला धुळीची टिक आणि काडीची टिक सारखीच वाटली. त्यानं दोन्ही काढल्या. ड्रम उशीवर वाजवल्यासारखे मऊ झाले.

"मामा, पण ग्राहकाले स्वच्छ पाह्यजे."

"त्या पोट्ट्यानं पन्नास वर्षांमांगं जोर लावून मारलं हाय थे. थे काढाचं नाही. बोल मले समजत नाहीत इंग्रजीचे. हात समजते."

मग वही निघते. पहाटे लिहिलेल्या वेळा. भाचा प्रत्येक ठिकाणी जातो, काटा मोठा करून बघतो, हातानं एकेक काढतो. तीन मिनिटं बेचाळीस सेकंद, टिक. चार मिनिटं सहा सेकंद, टिक. पाच मिनिटं अकरा, चर. इथे दोन ग्रॅमवालं घ्या. पहिल्या बाजूवर त्रेसष्ट खुणा आहेत. रात्रीचे दहा वाजतात तेव्हा एकोणचाळीस झालेल्या असतात. दुसरी बाजू उद्या पहाटे वाजेल.

परदेशी पुन्हा छापलेले असे काही तवे मी ऐकलेत. कितीतरी घासून पुसून निर्जीव केलेले. अंजनगावच्या या खोलीतलं काम त्यांच्यापेक्षा चांगलं आहे.

रात्री १०:२०
हिशेब. फिएस्टाचे साडेतीनशे आले. बारा तवे धुऊन दिले, तीस रुपयांनी तीनशे साठ. आवक सातशे दहा. भंगार दोनशे वीस, बॅटरीचं पाणी तीस, पुठ्ठा-बबल पंचेचाळीस, कुरिअर एकशे ऐंशी, चहा चाळीस. पाचशे पंधरा गेले. हातात एकशे पंच्याण्णव.

२०२४ मध्ये मुंबईत पुन्हा तवे छापायचा कारखाना सुरू झाल्याचं मी त्यांना सांगितलं. कोलकात्याच्या दमदममधलं तवे छापायचं जुनं काम थांबल्यानंतर कित्येक वर्षांनी. काकांनी दोनच गोष्टी विचारल्या. छापायला आवाज कुठून आणतात? आणि तिथे दिवसा ट्रक जातात का?

मग त्यांनी काचांवरच्या विटा उतरवल्या. वरची काच उचलली. तवा टेबलावर ठेवून डोळा त्याच्या कडेच्या रेषेत आणला. सरळ झाला होता. त्यांनी तो पिशवीत घातला आणि बाकीच्या तव्यांच्या ओळीत उभा केला.

निघताना त्यांनी मला एक निरोप दिला, तो छापा म्हणाले. तुमच्या घरी माळ्यावर तव्यांची पेटी असेल तर आज उतरवा. पत्र्याखाली ठेवू नका. आडवे एकावर एक रचू नका, पुस्तकांसारखे उभे ठेवा. आणि लेबलवरचं नाव ओळखीचं नाही म्हणून तवा भंगारात देऊ नका. आधी कोणाला तरी दाखवा.