दडलेल्या खड्याचा प्रतिध्वनी

पुण्याच्या गुलटेकडीवरील मार्केट यार्डात उन्हाळ्यात कधी फेरी मारली आहे का? फळबाजारात कलिंगडांचे ढीग लागलेले असतात. मुरलेले गिऱ्हाईक फळ हातात घेते, त्यावर टिचकी मारते आणि कान देऊन ऐकते. कच्च्या फळाचा आवाज टणक, पिकलेल्याचा जाड. फळ न कापता आतली बातमी बाहेर आणण्याचे काम येथे ध्वनी करतो.

वैद्यकातही ही युक्ती जुनी आहे. ऑस्ट्रियातील लिओपोल्ड ऑएनब्रुगर या डॉक्टराने रोग्याच्या छातीवर बोटांनी ठोकून आतील विकार ओळखण्याची रीत १७६१ मध्ये पुस्तकरूपाने मांडली. त्याचे वडील खानावळ चालवीत. पिंप ठोकून त्यात दारू किती उरली हे ओळखण्याची चाल त्याने तेथेच पाहिली, असे सांगतात.

आता अशा एका दुखण्याकडे वळू, की जेथे टिचकी चालत नाही.

समजा, याच बाजारात काम करणाऱ्या एका तोलणाराच्या पोटात एके दिवशी वरच्या भागात भयंकर कळ आली. ती पाठीपर्यंत गेली, उलट्या झाल्या. रक्ततपासणीत स्वादुपिंडाला सूज आल्याचे कळले. चार-सहा दिवसांत तो बरा झाला. पण तीन महिन्यांनी पुन्हा तेच! डॉक्टर विचारतात, "दारू घेता का?" तो म्हणतो, "नाही." शेजारी मात्र मान हलवतात. सोनोग्राफीत पित्ताशयात खडा दिसत नाही. रक्तातील चरबी व कॅल्शियम ठीक आहे. मग कागदावर लिहिले जाते: 'कारण अज्ञात'. स्वादुपिंडदाहाच्या शंभर रुग्णांपैकी दहा ते तीस जणांच्या वाट्याला प्राथमिक तपासण्यांनंतर हाच शेरा येतो. कारण कळले नाही, तर पुढचा झटका टाळायचा कसा? आणि तो झटका सौम्यच असेल याची हमी कोण देणार?

स्वादुपिंड कोठे असते?

सुमारे १५ सेंटिमीटर लांबीची ही ग्रंथी जठराच्या मागे आडवी पसरलेली असते. काही मराठी पुस्तकांत तिला अग्निपिंड म्हटले आहे, आणि ते नाव अन्वर्थक आहे. अन्न पचविणारे तिचे रस इतके प्रखर असतात, की ग्रंथीतून बाहेर पडेपर्यंत ते निष्क्रिय रूपात ठेवलेले असतात. ग्रहणीत, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, पोचल्यावर ते जागे होतात. पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाची नळी बहुधा एकाच तोंडाने ग्रहणीत उघडतात. त्या तोंडाशी एखादा खडा अडकला, की रस तुंबतात, आतच जागे होतात आणि ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते!

गंमत अशी, की येथे मोठ्या खड्यापेक्षा बारीक खडाच अनेकदा अधिक त्रास देतो. मोठा खडा पित्ताशयातच पडून राहतो. दोन-तीन मिलिमीटरचा कण मात्र अरुंद नळीतून सहज निसटतो, तोंडाशी अडतो आणि कधी कधी पुढे आतड्यात निघूनही जातो. म्हणजे चोर पळाला, घर मात्र पेटलेले!

बाहेरून का दिसत नाही?

येथे आपले भौतिकशास्त्र मदतीला येते. वेग = कंप्रता × तरंगलांबी, हे सूत्र तुम्हांला ठाऊक आहे. शरीराच्या मऊ भागांत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर असतो. टिचकीच्या आवाजाची कंप्रता ५०० हर्ट्‌झ धरली, तर तरंगलांबी तीन मीटर येते. एवढ्या लांब लाटेला मिलिमीटरभर खड्याची जाणीव कशी व्हावी? समुद्राची लाट वाळूच्या कणाने थोडीच अडते?

म्हणून कानाला ऐकू न येणारा, २०,००० हर्ट्‌झच्या पलीकडचा श्राव्यातीत ध्वनी वापरतात. पोटाच्या नेहमीच्या सोनोग्राफीत ३५ लक्ष हर्ट्‌झच्या आसपासची कंप्रता असते, तरंगलांबी ०.४४ मिलिमीटर. एक कोटी हर्ट्‌झ घेतल्यास ती ०.१५ मिलिमीटर होईल आणि चित्र अधिक रेखीव येईल. मग तसे का करीत नाहीत?

कारण कंप्रता वाढली, की ध्वनी लवकर विरतो. एक कोटी हर्ट्‌झच्या ध्वनीची तीव्रता दर दोन सेंटिमीटरला ढोबळमानाने एक दशांश उरते. स्वादुपिंड पोटाच्या कातडीपासून १० सेंटिमीटर खोल धरा. जाऊन-येऊन प्रवास २० सेंटिमीटर, म्हणजे दहाने दहा वेळा भागायचे. उरला हजार कोटींतला एक भाग! त्यातच जठरातील व आतड्यातील वायू वाटेत येतो. मऊ ऊती आणि वायू यांच्या सीमेवर ९९ टक्क्यांहून अधिक ध्वनी परत फिरतो. पलीकडे अंधारच.

ध्वनीच आत न्यावा!

उपाय सोपा वाटतो: लांबून हाक मारण्याऐवजी जवळ जावे. तोंडातून जठरात सोडायची लवचीक नळी, म्हणजे लोकांच्या भाषेत 'दुर्बीण', डॉक्टरांकडे होतीच. १९८० च्या सुमारास अमेरिकेत व जर्मनीत तिच्या टोकावर ध्वनी निर्माण करणारा इवलासा स्फटिक बसविण्यात आला. विजेचा दाब दिला की थरथरणारा आणि थरथरवला की वीज देणारा हा पदार्थ एकाच वेळी तोंड आणि कान होतो. हा गुणधर्म पिएर व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये शोधला होता. बरोबर शंभर वर्षांनी तो जठरात उतरला!

आता स्वादुपिंड जठराच्या भिंतीपलीकडे जेमतेम दोन सेंटिमीटरवर येते. प्रवास चार सेंटिमीटर. उरलेला भाग शंभरातला एक. हजार कोटींवरून शंभरावर! टोकाभोवती पाण्याचा छोटा फुगा फुगवला, की मधल्या वायूचीही अडचण मिटते.

उपाशीपोटी, गुंगीचे औषध देऊन ही तपासणी करतात, आणि शक्यतो सूज ओसरल्यावर. ग्रहणीतून पाहिले, की पित्तनळी आणि पित्ताशय अगदी जवळ येतात. खडा असेल, तर पडद्यावर चकाकणारा ठिपका आणि त्यामागे काळी सावली दिसते. पित्तात नुसता गाळ असेल, तर सावली न पाडता तो हलतो. स्वादुपिंडाच्या नळ्यांची जन्मजात वेगळी ठेवण, जुनाट दाहाचे व्रण, कधी एखादी छोटी गाठही सापडते. गाठ दिसल्यास तेथूनच बारीक सुई घालून पेशींचा नमुना घेता येतो. भुसार बाजारात व्यापारी पोत्यात टोकदार पोकळ नळी खुपसून धान्याचा मासला काढतो, तसेच हे! डेन्मार्कमधील पीटर व्हिल्मन यांनी १९९२ मध्ये अशा रीतीने स्वादुपिंडातून सुईने नमुना घेतल्याचे प्रसिद्ध केले.

आपल्या तोलणाराच्या पित्ताशयात असे बारीक खडे दिसले, तर शस्त्रक्रियेने पित्ताशय काढतात आणि झटक्यांचे मूळच नाहीसे होते. दारूचा संशयही आपोआप गळून पडतो.

अर्थात ही तपासणी म्हणजे जादू नव्हे. काहींना चुंबकीय अनुनादाने घेतलेले नळ्यांचे चित्र उपयोगी पडते. त्यात नळी गिळावी लागत नाही. काहींच्या बाबतीत कारण जनुकांत दडलेले असते. भारतीय रुग्णांतही अशी जनुके सापडली आहेत. तरीही कारण हाती लागत नाही असे रुग्ण उरतातच. 'कारण अज्ञात' याचा अर्थ 'कारण नाही' असा नसतो. योग्य साधन अजून योग्य जागी पोचलेले नाही, एवढाच तो असतो.

आता वहीपेन्सिल घ्या. स्फटिकातून निघालेला ध्वनी खड्यावर आपटून २६ मायक्रोसेकंदांनी, म्हणजे सेकंदाच्या २६ दशलक्षांशांनी परत आला. तर खडा किती सेंटिमीटर दूर आहे? ध्वनी जाऊन परत आला आहे, हे विसरू नका!