जन्माने गुन्हेगार?

वाचकहो, मनुष्य जन्मतःच गुन्हेगार असतो काय? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तसे मानिले. १९११ साली त्याची कक्षा मुंबई इलाख्यापर्यंत वाढली. पारधी, कैकाडी आदि लोकांस पोलिसांत हजेरी द्यावी लागे, व सोलापुरास कित्येक कुटुंबे काटेरी तारेच्या आत राहिली.

युरोपातील रोमा लोकांचे पूर्वज हिंदुस्थानचेच. पाण्यास ते आजही 'पानी' म्हणतात. ऑस्ट्रियाच्या सरहद्दीवरील बुर्गेनलांड प्रांती त्यांचीही प्रथम पोलिसांनी नोंदवही केली. पुढे नोव्हेंबर १९४१ मध्ये त्या बाजूचे ५,००७ रोमा पोलंडातील वूच शहरी नेले. त्यांतील एकही परतला नाही.

आमच्याकडील कायदा १९५२ साली रद्द झाला; संशय मात्र उरला. करंज्यास कोणी फिरस्ता पाल ठोकील, तेव्हा त्याची जात पाहून त्यास चोर न ठरविणे, हे आम्हां सर्वांचे कर्तव्य होय.